कायदा कोणी केला आणि कुठवर केला : दोन वेगळे प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे : “राज्यघटनेने विषय वाटून दिले आहेत. पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था राज्याकडे. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार केंद्राकडे. मग राज्याने आपल्याच विषयावर केलेला कायदा न्यायालय रद्द कसा करतं? आणि उलट, एखाद्या कायद्याने कुणाच्याच हक्काला धक्का लागत नसेल, तर निव्वळ ‘हा विषय तुमचा नव्हता’ एवढ्यावरून तो का पडावा? केंद्र-राज्य हा सरकारांचा आपसातला हिशेब आहे. त्यात माझ्यासारख्याचा काय संबंध?”

उच्च न्यायालयात पंचवीसेक वर्षं रिट याचिका, म्हणजे सरकारच्या कृतीला किंवा कायद्याला थेट आव्हान देणारे अर्ज, चालवतो आहे. या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मी अशिलांकडून, विद्यार्थ्यांकडून आणि कधी कधी वकिलांकडूनही ऐकलं आहे. या समजुतीमुळे चांगल्या याचिका अर्ध्या मुद्द्यांवर लढल्या जातात, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

मी नवा असताना आमच्या सिनियरांनी एक शिस्त लावली होती. कायद्याला आव्हान द्यायचं असेल तर आधी कोरा कागद घ्यायचा आणि मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे लिहायचं : हा कायदा करण्याचा अधिकार याच विधिमंडळाला होता का? उजवीकडे : अधिकार असला तरी या कायद्याने मूलभूत हक्कांची हद्द ओलांडली का? डावीकडचा मुद्दा उजवीकडे न्यायचा नाही आणि उजवीकडचा डावीकडे आणायचा नाही. कोर्टात पहिल्या रकान्याला आम्ही ‘कॉम्पिटन्स’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘पार्ट थ्री’, कारण मूलभूत हक्क घटनेच्या तिसऱ्या भागात आहेत. कायदा टिकायचा असेल तर त्याला दोन्ही रकान्यांतून पार व्हावं लागतं. एका रकान्यात मिळालेले पूर्ण गुण दुसऱ्या रकान्यात उपयोगी पडत नाहीत.

हे घटनेत कुठे लिहिलंय? अनुच्छेद २४५च्या अगदी सुरुवातीला. विषयांची वाटणी करणारा अनुच्छेद २४६ आणि सातवी अनुसूची (केंद्राची सूची, राज्यांची सूची आणि दोघांचीही मिळून समवर्ती सूची) सगळ्यांच्या ऐकिवात असते, पण त्याआधीचा २४५ फार कमी लोक वाचतात. संसद देशासाठी आणि विधिमंडळ राज्यासाठी कायदे करील, हे सांगण्याआधीच तो अट घालतो : या संविधानाच्या तरतुदींना अधीन राहून. या एवढ्या शब्दांमधून मूलभूत हक्क तिन्ही सूच्यांमधल्या प्रत्येक नोंदीला चिकटतात. अनुच्छेद १३ तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगतो : हक्क हिरावून घेणारा किंवा त्यांचा संकोच करणारा कायदा तेवढ्यापुरता शून्य. हे बंधन कोणाकोणावर, ते अनुच्छेद १२ मध्ये आहे. केंद्र सरकार आणि संसद, राज्य सरकार आणि विधिमंडळ, शिवाय महापालिका, जिल्हा परिषद अशा स्थानिक संस्थाही.

गावाकडच्या माणसाला मी हे सातबाऱ्यावरून समजावतो. सूचीतली नोंद म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव. जमीन तुमच्या नावावर आहे म्हणून तिच्यात वाटेल ते पिकवता येत नाही. परवान्याशिवाय अफू लावली तर गुन्हा होतोच. आणि दुसऱ्याच्या शेतात तुम्ही कितीही उत्तम ज्वारी काढली, तरी ती जमीन तुमची होत नाही. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं या दोन वाक्यांत आहेत. पुढे ती प्रत्यक्षात कशी उतरली ते पाहू.

घटना लागू झाल्यानंतर चारच महिन्यांत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला होता. ‘क्रॉस रोड्स’ नावाचं इंग्रजी साप्ताहिक मुंबईत छापलं जायचं. मार्च १९५० मध्ये मद्रास सरकारने आपल्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याखाली त्याच्या मद्रास राज्यातल्या प्रवेशावर आणि वितरणावर बंदी घातली. संपादक-प्रकाशक रोमेश थापर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. डाव्या रकान्यात मद्रास सरकारची बाजू भक्कम होती. सार्वजनिक सुव्यवस्था ही राज्यसूचीतली पहिलीच नोंद. पण भाषणस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांसाठी बंधन घालता येतं, ते अनुच्छेद १९(२) सांगतो, आणि तेव्हाच्या १९(२) मध्ये ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारणच नव्हतं. राज्याची (इथे ‘राज्य’ म्हणजे एकूण शासनसंस्था, मद्राससारखं घटक राज्य नव्हे) सुरक्षितता धोक्यात आणणं किंवा राज्य उलथवणं एवढंच होतं, शिवाय बदनामी, न्यायालयाचा अवमान, सभ्यता वगैरे. न्यायालयाने बहुमताने सांगितलं, की सुव्यवस्था बिघडण्याचा प्रत्येक प्रसंग राज्याच्या सुरक्षिततेला धोका नसतो. आदेश रद्द झाला.

या निकालात एक बारकावा आहे, तो नीट लक्षात घ्या. विषय सूचीत असणं म्हणजे त्या विषयावर कायदा करण्याची मुभा. त्या विषयाचं कारण सांगून हक्कावर बंधन घालण्याची परवानगी वेगळी लागते, आणि ती हक्काच्या अनुच्छेदातच शोधावी लागते. १९५०च्या मे महिन्यात पहिली होती, दुसरी नव्हती. संसदेने १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने १९(२) मध्ये ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण घातलं, पण त्याच वेळी बंधन ‘वाजवी’ असलं पाहिजे अशी अटही आली. आज एखादा कायदा वा आदेश भाषणावर गदा आणतो म्हणून आम्ही भांडतो, ते या ‘वाजवी’ शब्दाच्या जोरावर. सरकारच्या हाती नवं कारण देणाऱ्या दुरुस्तीनेच नागरिकाच्या हातीही एक मोजपट्टी दिली.

दुसरं उदाहरण दारूबंदीचं. मुंबई प्रांताचा १९४९चा दारूबंदी कायदा १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. बलसारा खटला म्हणून तो ओळखला जातो. याचिकाकर्त्याचं डावीकडचं म्हणणं असं, की परदेशी दारूची आयात हा केंद्राचा विषय, तेव्हा प्रांताला तिच्यावर बंदी घालता येत नाही. न्यायालयाने कायद्याचा गाभा पाहिला. गाभा मादक पेयांवरच्या नियंत्रणाचा आहे, तो विषय प्रांताचा आहे, आयातीवर झालेला परिणाम आनुषंगिक आहे. हा मुद्दा फेटाळला गेला. मग उजवा रकाना आला. अल्कोहोल असलेली औषधं आणि ओ-द-कोलोनसारखी प्रसाधनं बाळगण्या-वापरण्यावरची बंदी अवाजवी ठरली आणि तेवढ्यापुरत्या तरतुदी पडल्या. मादक पदार्थांची भलामण करण्यावरची बंदीही भाषणस्वातंत्र्याच्या आड आली म्हणून पडली. बाकी कायदा उभा राहिला.

मकोकाचा प्रवास हुबेहूब असाच आहे, आणि तो अजून रोजच्या वापरातला कायदा आहे. महाराष्ट्राने १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्ध हा कायदा केला. त्यातली कलमं १३ ते १६ फोनवरचं संभाषण ऐकण्याबद्दल आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण तार आणि दूरध्वनी केंद्राच्या सूचीत आहेत. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत वैध ठरवली : कायद्याचा गाभा संघटित गुन्हे रोखण्याचा, दूरध्वनीचा स्पर्श आनुषंगिक. डावीकडे राज्य जिंकलं. पण जामिनाच्या कलम २१(५) मध्ये अशी तरतूद होती, की गुन्ह्याच्या दिवशी आरोपी या कायद्याखालच्या ‘किंवा अन्य कोणत्याही कायद्याखालच्या’ गुन्ह्यात जामिनावर असेल तर त्याला जामीन मिळणार नाही. म्हणजे संघटित गुन्हेगारीशी काडीचाही संबंध नसलेल्या किरकोळ गुन्ह्यात जामिनावर असलेला माणूसही कायमचा आत. ‘किंवा अन्य कोणत्याही कायद्याखालच्या’ एवढेच शब्द समानतेच्या आणि जीवित-स्वातंत्र्याच्या हक्काविरुद्ध म्हणून उच्च न्यायालयाने काढले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते काढणं कायम ठेवलं. एका कलमातले चार-पाच शब्द खोडले गेले आणि त्यावर किती जणांचा जामीन अवलंबून होता, हे फौजदारी वकिलांना विचारा.

डान्स बार बंदीत मात्र डावीकडे फारसं भांडण नव्हतंच. पोलीस, करमणुकीची ठिकाणं, परवाने हे राज्याचेच विषय. बारमधल्या नाचावर बंदी घालणारी २००५ची कायदादुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयात २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयात २०१३ मध्ये पडली ती उजवीकडच्या मुद्द्यांवर. तोच नाच तीन आणि त्याहून अधिक तारे असलेल्या हॉटेलात चालतो आणि साध्या बारमध्ये चालत नाही, हा भेद समानतेत बसला नाही. शिवाय नाचून पोट भरणाऱ्या स्त्रियांचा व्यवसायाचा हक्क गेला. राज्याने २०१४ आणि २०१६ मध्ये पुन्हा कायदे केले आणि २०१९ मध्ये त्यातल्या बऱ्याच अटी पुन्हा पडल्या.

केंद्राचा कायदा असला तरी उजवा रकाना तसाच लागतो. मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा सांगणारं कलम ६६अ रद्द झालं, तो कायदा संसदेचा. त्याच निकालपत्रात केरळ पोलीस कायद्याचं कलम ११८(ड)ही रद्द झालं, तो कायदा राज्याचा. केरळच्या कलमाबाबत न्यायालयाने आधी डावीकडचा प्रश्न राज्याच्या बाजूने सोडवला, मग भाषणस्वातंत्र्यावर ते पाडलं. दोन वेगळ्या विधिमंडळांचे दोन कायदे एकाच अनुच्छेदाने एकाच दिवशी पडले. ‘कायदा कोणाचा’ याने उजव्या रकान्यात काहीच फरक पडत नाही, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आता मराठा आरक्षणाकडे येतो. हा विषय भावनेचा आहे, आणि मी इथे कोणाच्या मागणीच्या योग्यायोग्यतेबद्दल बोलत नाही. पण दोन रकाने मिसळले की काय होतं, हे महाराष्ट्राने याच खटल्यात सगळ्यात जवळून पाहिलं. २०१८च्या राज्य कायद्याने १६ टक्के आरक्षण दिलं. उच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये कायदा कायम ठेवला, मात्र शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ टक्क्यांवर आणला. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो रद्द केला, आणि कारणं दोन होती. पहिलं डावीकडचं : २०१८च्या १०२व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३४२अ मुळे सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग ठरवण्याचा राज्याचा अधिकारच गेला, असं तीन विरुद्ध दोन मतांनी ठरलं. दुसरं उजवीकडचं : १९९२च्या इंद्रा साहनी निकालातली ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडण्यासारखी असाधारण परिस्थिती दाखवली गेली नाही, म्हणून समानतेच्या हक्काचा भंग. इथे पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं.

निकालानंतरच्या सार्वजनिक चर्चेत जवळजवळ सगळा भर पहिल्या कारणावर होता. केंद्राने राज्याचा अधिकार काढून घेतला की नाही, चूक कोणाची, यावर रान उठलं. ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने १०५वी घटनादुरुस्ती करून राज्यांना तो अधिकार परत दिला. पुष्कळांना वाटलं, अडथळा दूर झाला. मला त्या दिवसांत भेटलेल्या कितीतरी तरुणांना मी हेच सांगत होतो, की दुरुस्तीने डावा रकाना मोकळा झाला, उजवा जसाच्या तसा आहे. राज्याला मागास वर्ग ठरवता येईल. पण एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर न्यायचं असेल तर त्याचं समर्थन पुन्हा आकडेवारीनिशी उभं करावं लागेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने १० टक्क्यांचा नवा कायदा केला, त्याची खरी कसोटीही तिथेच आहे. ज्या मुलांनी प्रवेशाचे आणि नोकरीचे अर्ज या कायद्यांच्या भरवशावर भरले, त्यांना हा फरक आधीच कुणी समजावून सांगायला हवा होता. ते झालं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा आहे : हक्काला धक्का नसेल तर केवळ विषय चुकला म्हणून कायदा का पडावा?

एक गोष्ट साधी आहे. प्रत्येक कायदा, तो कितीही चांगला असला तरी, तुम्हाला काहीतरी करायला लावतो किंवा काहीतरी करण्यापासून अडवतो. अशी सक्ती करण्याचा अधिकार ज्याला तुम्ही घटनेतून दिलेलाच नाही, त्याने ती का करावी? शिवाय तो अधिकार कोणाकडे आहे यावर जाब कोणाला विचारायचा हे ठरतं. शेतमालाच्या बाजाराचा कायदा राज्य विधिमंडळाने केला असेल तर मी माझ्या आमदाराला गाठू शकतो. तोच कायदा संसदेने केला तर माझ्या राज्याचे ४८ खासदार, आणि लोकसभेतल्या निर्वाचित जागा ५४३.

२०२०चे तीन कृषी कायदे आठवून पाहा. शेती आणि बाजार राज्यसूचीत आहेत. केंद्राने आधार घेतला तो समवर्ती सूचीतल्या ३३व्या नोंदीचा, अन्नपदार्थांच्या व्यापाराचा. शेती संपते कुठे आणि अन्नपदार्थांचा व्यापार सुरू होतो कुठे, हा फार मोलाचा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये अंमलबजावणीला स्थगिती दिली, वर्षाच्या अखेरीस संसदेने कायदे मागे घेतले, आणि त्या प्रश्नाचं उत्तर आलंच नाही. कायद्याच्या बाजूने असणाऱ्यांनी आणि विरोधात असणाऱ्यांनीही ते उत्तर मागायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

विषयवाटणी नागरिकाचीही आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एकमताने सांगितलं. एका स्त्रीने नवऱ्याच्या प्रेयसीला इजा व्हावी म्हणून तिच्या दाराच्या मुठीवर आणि टपालपेटीवर रसायनं लावली. असा गुन्हा एरवी राज्याचे पोलीस हाताळतात. तिच्यावर मात्र रासायनिक अस्त्रांबद्दलच्या संघीय कायद्याखाली खटला भरला. ती म्हणाली, या गोष्टीत शिरायचा संघ सरकारला अधिकार नाही. सरकारपक्षाचा आधी आक्षेप असा, की राज्यांच्या अधिकाराचा मुद्दा राज्याने काढावा, आरोपीने नव्हे. न्यायालयाने तो मानला नाही. अधिकारांची विभागणी व्यक्तीच्या स्वातंत्र्याचंही रक्षण करते, म्हणून जिच्यावर तुरुंगात जायची वेळ आली आहे तिला तो मुद्दा काढता येतो. २०१४ मध्ये तिचा खटला परत आला तेव्हा तो कायदा अशा स्थानिक गुन्ह्याला लागूच होत नाही, असा निर्णय झाला. आपल्याकडे हा आक्षेप फारसा टिकत नाही. ज्याला कायद्याची झळ बसते त्याला कॉम्पिटन्सचा मुद्दा घेता येतो. तरीही ‘हा सरकारांचा आपसातला प्रश्न’ असं म्हणणाऱ्यांना मी हा खटला आवर्जून सांगतो.

अमेरिकेचाच विषय निघाला आहे तर एक गैरसमजही दूर करतो. तिथले हक्क आपल्याहून पक्के आहेत असं सरसकट समजलं जातं. तिथल्या हक्कांच्या दहा दुरुस्त्या १७९१च्या, पण १८३३ मध्ये बाल्टिमोरच्या एका धक्का-मालकाच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं, की ती बंधनं संघ सरकारवर आहेत, राज्यांवर नाहीत. शहराच्या कामांमुळे त्याच्या धक्क्यापाशी वाळू साठून जहाजं लागेनाशी झाली होती. त्याला भरपाई मिळाली नाही. यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती आली, आणि तिच्या आधाराने एकेक हक्क राज्यांना लागू करत न्यायालय विसाव्या शतकभर चाललं. गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क राज्यांवर बंधनकारक झाला तो १९६३ मध्ये. फौजदारी खटल्यात ज्यूरीचं एकमत हवं, हे तर २०२० मध्ये. आपल्या घटनाकारांनी अनुच्छेद १२च्या एका व्याख्येने हा सगळा रस्ता २६ जानेवारी १९५० रोजीच ओलांडला. फुटपाथवर राहणाऱ्या माणसाने १९८०च्या दशकात मुंबई महापालिकेविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊन जगण्याच्या हक्कात उपजीविका येते असं म्हणवून घेतलं, ते त्यामुळेच शक्य झालं.

आपल्या संघराज्याची कमकुवत बाजूही सांगायला हवी. आपली राज्यं करार करून एकत्र आलेली नाहीत, म्हणून डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८च्या भाषणात ‘युनियन’ हा शब्द जाणीवपूर्वक निवडल्याचं सांगितलं. कोणत्याच सूचीत नसलेले विषय केंद्राकडे, समवर्ती विषयावर विरोध आला तर साधारणपणे केंद्राचा कायदा वरचढ. राष्ट्रपतींची संमती घेतली असेल तरच राज्याचा कायदा त्या राज्यात टिकतो, आणि तोही संसद पुढे बदलू शकते. अनुच्छेद ३ खाली तर संसद साध्या कायद्याने राज्याच्या सीमा बदलू शकते. महाराष्ट्राने हे भोगलं आहे. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचनेचं विधेयक मुंबई विधिमंडळाकडे मतासाठी पाठवताना त्यात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन तुकडे होते. संसदेत त्याचं द्वैभाषिक मुंबई राज्य झालं. मुंबई विधिमंडळाचं मत या बदलावर पुन्हा घेतलं नाही, हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये बाबूलाल पराते खटल्यात फेटाळला. १ मे १९६० न्यायालयातून आला नाही, रस्त्यावरच्या लढ्यातून आला.

आणि १९७५. विषयवाटणी आणि मूलभूत हक्क या दोन्ही भिंती एकमेकींना कशा टेकून उभ्या असतात, हे आणीबाणीने दाखवलं. अनुच्छेद ३५२ खाली आणीबाणीची घोषणा झाली की अनुच्छेद २५० मुळे संसदेला राज्यसूचीतल्या विषयांवरही कायदे करता येतात. त्याच घोषणेने तेव्हा अनुच्छेद १९ची स्वातंत्र्यं आपोआप स्थगित व्हायची, आणि ३५९ खालच्या आदेशाने बाकी हक्कांसाठी न्यायालयाची दारंही बंद करता यायची. एका सहीने डावा आणि उजवा, दोन्ही रकाने पुसले जायचे. नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांना दाद मागता येते असं सांगितलं होतं. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते उलटवलं. एकटे न्या. एच. आर. खन्ना वेगळे उभे राहिले, आणि पुढे त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं गेलं. विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगात असतानाच ४२वी घटनादुरुस्ती झाली आणि शिक्षण, वनं असे विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले. आज वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेवरून राज्यं आणि केंद्र भांडतात, त्याचं मूळ तिथे आहे. १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने हक्कांची भिंत बरीचशी दुरुस्त केली : आता २० आणि २१ हे अनुच्छेद कोणत्याही आणीबाणीत स्थगित करता येत नाहीत. विषयांची हलवाहलव मात्र तशीच राहिली. १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने संघराज्य हा घटनेच्या मूलभूत संरचनेचा भाग असल्याचं मान्य केलं आणि राष्ट्रपती राजवटीची तपासणी न्यायालय करू शकतं हे ठरवलं, तेव्हा कुठे राज्यांच्या बाजूला काही आधार आला.

आता व्यवहाराचं. तुमच्यावर एखाद्या कायद्याची झळ बसली असेल तर कोणता मुद्दा कोणाला घेता येतो, हे आधी पाहा. कॉम्पिटन्सचा मुद्दा नागरिक, कंपनी, परदेशी व्यक्ती, कोणीही घेऊ शकतं. समानता आणि जीवित-स्वातंत्र्य हे हक्क प्रत्येक ‘व्यक्ती’ला आहेत. अनुच्छेद १९ फक्त नागरिकांना, आणि कंपनी नागरिक नाही. म्हणून व्यवसायाच्या स्वातंत्र्यावर भांडायचं तर कंपनीबरोबर एखाद्या भागधारकाला किंवा संचालकाला याचिकाकर्ता करा. सर्वोच्च न्यायालयात अनुच्छेद ३२ खाली जायला मूलभूत हक्काचा भंग दाखवावा लागतो. उच्च न्यायालयाचा अनुच्छेद २२६ त्याहून रुंद आहे, ‘अन्य कोणत्याही प्रयोजनासाठी’ रिट काढता येते. निव्वळ विषयवाटणीचा मुद्दा असेल तर तिथेच जा.

आणि जिंकल्यावर काय मिळणार, हेही आधी ठरवा. डावीकडे जिंकलात तर त्या विधिमंडळाला तोच कायदा डागडुजी करून परत आणता येत नाही. घटना बदलल्याशिवाय मार्ग नाही. पण दुसरं विधिमंडळ, ज्याच्याकडे विषय आहे, ते उद्या शब्दशः तोच कायदा करू शकतं. उजवीकडे जिंकलात तर तो मजकूर दोघांनाही करता येत नाही, मात्र दोष काढून सुधारलेला कायदा तेच विधिमंडळ पुन्हा करू शकतं; डान्स बारच्या बाबतीत झालं ते हेच. घटनेपूर्वीच्या कायद्यांची गत आणखी वेगळी. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या १९४७च्या मोटार वाहन दुरुस्तीने सरकारला वाहतुकीची मक्तेदारी घेता येत होती. १९५० मध्ये ती व्यवसायस्वातंत्र्याशी विसंगत झाली, १९५१च्या घटनादुरुस्तीने विसंगती गेली. १९५५ मध्ये भिकाजी नारायण ढाकरस खटल्यात न्यायालय म्हणालं, की कायदा मेला नव्हता, त्याला ग्रहण लागलं होतं, ते सुटलं. म्हणून जुन्या कायद्याविरुद्धचा जुना निकाल हाती घेऊन निघण्याआधी, मधल्या काळात घटना कुठे बदलली हे तपासा.

सुरुवात करायची कुठून? तुमच्या हातात जी अधिसूचना किंवा नोटीस असेल तिचं पहिलं वाक्य वाचा. “अमुक अधिनियमाच्या अमुक कलमान्वये प्रदत्त अधिकारांचा वापर करून” असं त्यात लिहिलेलं असतं. तो अधिनियम काढा, तो संसदेचा की विधिमंडळाचा हे पाहा, ते कलम वाचा आणि सातव्या अनुसूचीतल्या कोणत्या नोंदीत तो अधिनियम बसतो ते शोधा. एवढं डाव्या रकान्यात लिहा. मग त्या नोटिशीने तुमचं नेमकं काय बंद झालं ते एका वाक्यात उजवीकडे लिहा, आणि तो कागद घेऊन वकिलाकडे जा.